पणजीचं नाव कुठे सापडेल? घराण्याच्या नोंदी शोधायची रीत

आमच्या घरात एक वंशावळ आहे. चुलत्यांनी जात पडताळणीच्या वेळी करून घेतलेली, शपथपत्राला जोडलेली. मूळ पुरुष वर, खाली फांद्या, सात पिढ्या. त्यात एकही बाई नाही. पणजीचं नाव काय होतं, असं मी आत्याला विचारलं. तिनं लहानपणी पणजीला पाहिलेलं. ती म्हणाली, "आम्ही तिला थोरली आईच म्हणायचो रे. नाव कोण घेणार?"

ते नाव मला आठ महिन्यांनी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एका फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, सापडलं. तिथवर जाताना कोणते कागद लागले, कुठे वेळ वाया गेला आणि आधी काय करायला हवं होतं, ते इथे क्रमानं लिहितो. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, त्यामुळे दाखले दक्षिण महाराष्ट्राचे जास्त येतील. बाकीच्या भागांत काय वेगळं असतं तेही जाता जाता सांगेन.

आधी एक पथ्य. सुरुवात स्वतःपासून करायची आणि मागे जायचं. प्रत्येक पिढीला निदान एक तरी कागद हवा. बहुतेक लोक वरून खाली येतात. आपण अमुक सरदारांचे वंशज, तमुक राजघराण्यातून फुटलो, असं आधी धरायचं आणि मग मधल्या पिढ्या त्यात बसवायच्या. एकदा असं बसवलेलं झाड घरात फिरू लागलं की खरा कागद हाती आला तरी कुणी मानत नाही.

घरातली माणसं आणि घरातली ट्रंक

हे काम आजच करा, कारण रेकॉर्ड रूम पुढच्या वर्षीही असेल, ऐंशी वर्षांची आत्या असेलच असं नाही. माझा अनुभव असा की घराण्याची माहिती पुरुषांपेक्षा त्या घरात नांदायला आलेल्या बायकांना जास्त असते. कोण कुणाचा चुलता, कुणाच्या पाया आधी पडायचं, हे त्यांना शिकावंच लागलेलं असतं.

"वंशावळ सांगा" असं म्हणू नका. माणूस गोंधळतो आणि "मला काय ठाऊक" म्हणून मोकळा होतो. प्रसंग विचारा. तुमच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा राहिला? पहिल्या बाळंतपणाला कुठे गेलात? वाटणी झाली तेव्हा पंच कोण होते? म्हाळाला कुणाकुणाच्या नावानं पान वाढतात? ज्या घरांत रीतसर श्राद्ध होतं तिथे तर तीन पिढ्यांची नावं तोंडावरच असतात, कारण त्यात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं उच्चारावी लागतात. अशा घरानं पहिला फोन श्राद्ध सांगणाऱ्या गुरुजींना करावा. आमच्याकडे नुसतं पान वाढतात, म्हणून ही वाट आम्हाला बंद होती.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा. लिहीत बसलात की समोरचा आपल्या लिहिण्याच्या वेगानं बोलायला लागतो आणि गोष्टीतला रंग जातो. विचारून रेकॉर्ड करा, एवढंच.

मग ट्रंक उघडा. लग्नपत्रिका, सोसायटीचे कर्जरोखे, खरेदीखतं, जुने दाखले, पोस्टाची पासबुकं. आणि भांडी. आपल्याकडे तांब्या-पातेल्यांवर नावं कोरायची चाल होती आणि त्यात देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, कधी तारीखही असते. आमच्या पितळी घागरीच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं एक नाव होतं. वर्षानुवर्षं चिंचेनं घासून ते बुजलं होतं. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा आजीच्या मामाचं नाव आणि गाव उमटलं. त्या गावापर्यंत एकही सरकारी कागद मला घेऊन गेला नसता.

टिपणवहीत बायकांसाठी दोन रकाने ठेवा, माहेरचं नाव आणि सासरचं. लग्नात नाव बदलायची रीत असल्यामुळे एकच बाई दोन कागदांत दोन नावांनी येते आणि आपण दोन बायका समजून बसतो. पुरुषांचंही तसंच. आबा, तात्या, अण्णा, बापू ही घरातली नावं, कागदावर वेगळंच काही. आमचे "बाबू आजा" कागदोपत्री तुकाराम निघाले.

चुलत घरांत कुणी जातीच्या दाखल्याची पडताळणी केली असेल तर ती फाइल मागा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे लागतात. त्यामुळे त्या फाइलीत पणजोबांच्या काळापर्यंतचे दाखले कुणीतरी आधीच खेटे घालून गोळा केलेले असतात. माझी निम्मी पायपीट अशाच एका फाइलीनं वाचवली असती. ती मला उशिरा कळली.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडची माणसं असाल तर हेळवी तुम्हाला माहीत असतील. सुगीनंतर बैलावर सामान लादून येतात, दारात उभे राहून घराण्याची नावं मूळ पुरुषापासून म्हणत जातात, नवीन जन्म-मृत्यू वहीत लिहून घेतात आणि धान्य, पैसे घेऊन पुढच्या दारी जातात. गावं त्यांच्या-त्यांच्यात वाटलेली असतात. दर वर्षी येतीलच असं नाही, काही घरांकडे चार-पाच वर्षांनी फेरी होते. आता काही जण मोटारसायकलवर येतात, पण वही तशीच कापडात बांधलेली. बऱ्याच जुन्या वह्या कन्नडमध्ये आहेत, तेव्हा वाचून दाखवायला त्यांनाच बसवावं लागतं.

हेळवी आले की आपली माणसं काय करतात? शेरभर ज्वारी देतात आणि वाटेला लावतात. तसं करू नका. चहा ठेवा, घोंगडं अंथरा, निवांत म्हणू द्या. म्हणताना त्यांचा एक ओघ असतो. मध्येच "थांबा, परत सांगा" म्हटलं की धागा तुटतो. पूर्ण रेकॉर्ड करा आणि दुसऱ्यांदा म्हणताना प्रश्न विचारा: हा भाऊ कुठल्या गावी गेला? ही शाखा का थांबली? आमच्याकडच्या म्हाताऱ्या हेळव्यांनी एका नावाशी थांबून सांगितलं, "हा दुष्काळात घाटाखाली गेला, वंश तिकडं हाय." हे कुठल्याही सातबाऱ्यावर नसतं. वहीचा फोटो मात्र परवानगीशिवाय काढू नका. ती त्यांची भाकरी आहे, आणि फोटो काढू दिला तर योग्य बिदागी देऊन काढा.

खानदेशात, विदर्भात हेच काम काही समाजांसाठी भाट करतात. त्यांच्या पोथीत जुन्या पिढ्या थेट सूर्यवंशाला किंवा राजस्थानातल्या एखाद्या गडाला जोडलेल्या असतात. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या विश्वासानं घ्याव्यात, त्यामागच्या ऐकाव्यात आणि वेगळ्या पानावर लिहाव्यात.

तीर्थक्षेत्रांच्या वह्या हा तिसरा साठा. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे "नामावळी" असते. यात्रेकरूनं येऊन आपलं, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव लिहायचं आणि सही करायची, अशी ती पद्धत. आपल्या खापरपणजोबांचं अक्षर किंवा अंगठा तिथे पाहायला मिळतो. तिथे जाऊन नुसतं आडनाव सांगून भागत नाही. मूळ गाव, आताचा तालुका आणि जुना तालुका, जात आणि आडनाव, शिवाय घराण्यातलं कोण कधी जाऊन आलं असेल याचा अंदाज, एवढं कागदावर लिहून न्या. अमक्या गावचे उपाध्ये कोण, अशी विचारणा करा. ते आपल्याला योग्य घरी पाठवतात. श्रावणात आणि सुट्ट्यांत जाऊ नका, त्यांना डोकं वर काढायला सवड नसते. आईच्या अस्थी घेऊन आलेल्या मुलाची नोंद असेल तर आईचं नाव मिळायची शक्यता असते, म्हणून नोंदीत नुसती नावं न पाहता येण्याचं कारणही वाचा. काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या पंड्यांकडेही अशाच वह्या आहेत. हरिद्वारच्या बऱ्याच वह्यांच्या मायक्रोफिल्म झाल्या असून त्या फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळाच्या संग्रहात आहेत. पण आपलं पान तिथे हुडकायचं तर चिकाटी लागते.

चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ, सारस्वत, कायस्थ प्रभू अशा समाजांतल्या कितीतरी घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. तुमचं आडनाव त्यात असेल तर नशीबवान आहात. तरी दोन गोष्टी तपासा. एक, तुमची शाखा खरोखर जोडलेली आहे की "दुवा मिळत नाही" म्हणून शेवटच्या प्रकरणात टाकलेली. दोन, माहिती कशावरून घेतली. पुष्कळ कुलवृत्तांत पोस्टानं पाठवलेल्या तक्त्यांवरून तयार झाले आणि ज्यांनी तक्ता भरून पाठवला नाही त्यांच्या फांद्या तशाच सुटल्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचं ग्रंथालय आणि जुनी नगर वाचनालयं इथे हे ग्रंथ शोधावेत.

गोव्याशी नातं असलेल्यांनी कुलदेवतेच्या देवस्थानाकडे महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, नोंदी आहेत का ते विचारावं, आणि गावच्या कोमुनिदादीत (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेत) आपलं वांगड, म्हणजे कूळ, आहे का ते पाहावं. गोव्यात १९१४ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची नागरी नोंदणी सक्तीची आहे आणि जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं त्याहून मागे जातात.

ज्या समाजांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं नाही, त्यांची नावं उपाध्यायांच्या वहीत कशी असणार? त्यांच्या घराण्याचा शोध बव्हंशी सरकारी दप्तरातच लागतो, आणि तिथे तो चांगला लागतो. महार वतनासारख्या गावकामगार वतनांत हिस्सेदार कोण आणि वारस कोण हे लिहून ठेवणं सरकारला भाग होतं. १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं रद्द झाली, त्या वेळचे जमिनीचे फेरफारही पाहावेत.

तहसील कचेरीतलं दप्तर

जायच्या आधी गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही काढून ठेवा. गटवारी (जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण) झाली तेव्हा नंबर बदलले. दोहोंचा मेळ घालणारा उतारा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप, आणि अर्जात गावाचं नाव, नमुन्याचा क्रमांक, अंदाजे साल. "सगळे जुने कागद द्या" असा अर्ज केलात तर काहीच मिळत नाही. काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. आधी तिथे पाहा, खेटा वाचेल.

मागायचे ते मुख्य नमुने तीन. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६-क म्हणजे वारस नोंदवही आणि १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात. कोतवाल बुकात मुलाच्या जन्माच्या नोंदीत कधी बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधी नोंद झालेली असते. "अमक्यास मुलगा झाला" एवढंच. अशा वेळी तारीख आणि बापाचं नाव यांवरूनच माणूस ओळखावा लागतो.

पण माझं खरं प्रेम फेरफारावर आहे. खातेदार वारला की वारसांची नावं त्यात चढतात, आणि त्या चार ओळींत अख्खं घर असतं. आम्हाला सापडलेली नोंद साधारण अशी होती: खातेदार मयत, वारस मुलगे तीन, नावं, त्यांपैकी क्रमांक दोन व तीन अज्ञान, "अ.पा.क. आई" आणि पुढे तिचं नाव, "सोनाबाई". अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, वयात न आलेल्या मुलांचा पालक. नवरा गेला, पोरं लहान होती, जमिनीला कुणीतरी मोठं माणूस हवं होतं, म्हणून कारकुनाला तिचं नाव लिहावं लागलं. तिचा नवरा म्हातारा होऊन मेला असता तर ते नाव कागदावर आलंच नसतं. मी ती नक्कल आत्याला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "व्हय, सोना. आज्जा गेल्यावर तिला तिचा भाऊ न्यायला आला तवा 'सोने' म्हणून हाक मारलेली मी ऐकलीय. पर ती गेली न्हाई."

म्हणून पणजी शोधायची असेल तर आधी पाहा, घराण्यात कोण अकाली गेलं. त्याच सालाचा फेरफार मागवा.

फेरफारात आणखीही आखूड रूपं येतात. ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, कर्ता. त्याचं एकट्याचं नाव असलं तरी मागे भाऊ आहेत असं समजा. "रामा बिन गणू" म्हणजे गणूचा मुलगा रामा. मराठवाडा-विदर्भात "बिन"च्या जागी "वलद" येतं. बायकांच्या नावापुढे "कोम", "भ्रतार" किंवा "जौजे" आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. आडनाव पुष्कळदा नसतंच, किंवा त्या जागी पाटील, कुलकर्णी, चौगुले असं कामाचं नाव असतं. ते पुढच्या पिढीत बदललेलं दिसलं तर घाबरू नका.

मराठवाड्यातल्यांनी १९५१ च्या जनगणनेवरून केलेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर आणि खासरा पत्रक (जमिनीचा जुना अभिलेख) मागावं; निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात. विदर्भातल्यांनी अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदी, पाहावेत. इतर कुठल्याही जनगणनेचे घरोघरचे तक्ते आपल्याकडे पाहायला मिळत नाहीत, परदेशातल्या लेखांत वाचून त्यांच्या मागे लागू नका.

गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर जरूर पाहा. जुन्या शाळांची रजिस्टरं एकोणिसाव्या शतकात जातात. जात, जन्मगाव, बापाचा धंदा, शाळा कधी आणि का सोडली, सगळं असतं. फक्त जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली आहे असं धरा.

मोडी आणि जुन्या तारखा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कागदांकडे गेलात की मोडी आली. ती शिकता येते. पुण्या-मुंबईत आणि ऑनलाइन वर्ग चालतात, दोन-तीन महिन्यांत फेरफार वाचण्यापुरती नजर बसते. ओळ आधी आखलेली असते, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. पहिल्यांदा स्वतःच्या गावाचं आणि आडनावाचं मोडी रूप गिरवा. ती दोन चित्रं डोळ्यांत बसली की शंभर पानांतून आपलं पान हुडकता येतं, बाकीचं जाणकाराकडून वाचून घ्या.

तारखांचा घोळ मोठा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखेला ७९. शकाबरोबर संवत्सराचं नाव असेल तर ताळा करून पाहा: शकात १२ मिळवून ६० नं भागा, बाकी राहील तितकावा संवत्सर. शके १५९६ मध्ये बारा मिळवले की १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, शिवराज्याभिषेकाचा तोच. ताळा जुळला नाही तर आकडा चुकीचा वाचला आहे.

पेशवाईच्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत येतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ आणि जानेवारी ते मेमधल्या तारखेला ६०० मिळवायचे. पानिपत १४ जानेवारीचं, ११६१ अधिक ६००, १७६१. बरोबर.

वतनदार किंवा इनामदार घराणं असेल तर पुणे पुरालेखागारात जा. इनाम कमिशननं १८५० नंतरच्या वर्षांत लोकांकडून इनामाचे पुरावे मागवले, तेव्हा घराण्यांनी आपल्या कैफियती आणि वंशावळी लिहून दिल्या. त्या वाचताना लक्षात ठेवा, ती जमीन राखण्यासाठी केलेली मांडणी आहे. ज्या भावाशी भांडण होतं त्याची फांदी आखूड केलेली असू शकते. शक्य तर त्या भावाच्या वारसांनी दिलेली कैफियतही मागा.

घराण्यातलं कुणी एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेल्याचं ऐकलं असेल तर तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी आहेत. उलट दिशेनं, मॉरिशसचे मराठी लोक त्याच नोंदींतलं गावाचं नाव घेऊन कोकणात येतात.

दोन कागद भांडतात तेव्हा

भांडणारच. हेळव्यांच्या वहीत चार भाऊ, फेरफारात तीन. माझी पद्धत अशी: प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि प्रत्येक विधानासमोर ते कुठून आलं ते. "आत्या, तोंडी", "फेरफार, क्रमांक, साल", "हेळवी, ध्वनिमुद्रण". खात्री नसेल तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. खोडून नवीन लिहायचं नाही, खाली लिहायचं. आमचा चौथा भाऊ बारा वर्षांचा असताना प्लेगात गेला होता, म्हणून तो वारस म्हणून कधी आलाच नाही. दोन्ही कागद खरे होते.

नक्कल जशी आहे तशी उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, फोटो दिवसाउजेडी फ्लॅशशिवाय काढा. आणि दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेली सून, असलं काही सापडलं तर ज्यांना ते लागतं त्यांना आधी सांगा. हयात माणसांच्या जन्मतारखा घराच्या ग्रुपवरही टाकू नका.

आमच्या वंशावळीची नवी प्रत मी हातानं काढली. सोनाबाईंच्या नावाखाली तिचे तीन मुलगे आहेत, प्लेगात गेलेला चौथा आहे, आणि दोन मुली आहेत, ज्यांची सासरची गावं माहीत आहेत आणि नावं अजून नाहीत. त्या जागी दोन रिकामे चौकोन ठेवले आहेत. पुढची फेरी त्या दोन गावांच्या कोतवाल बुकांची.